बोटाच्या मांसात हाड तयार होणं – कुणाला अनुभव आहे का?

मोगरी

उजव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाकडच्या पेराला सूज आली होती. मी तिशीतली, आरीवर्कचे ब्लाउज करते, सुई रोज त्याच बोटात, त्यामुळे "कामानं सुजलं असेल" यावर घरात सगळ्यांचं एकमत. सूज उतरायच्या ऐवजी वाढली. बोट मध्ये फुगलेलं आणि दोन्हीकडे निमुळतं, वरून लाल, हात लावला की कळ. आत पू धरतोय असं समजून अँटिबायोटिक्स झाली. युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आलं. बोटाच्या टीबीची शंका आली म्हणून छातीचा एक्स-रेही झाला. बोटाच्या पहिल्या एक्स-रेत हाड एकदम ठीक, भोवती नुसती सूज. काही आठवड्यांनी परत काढला तर हाडाच्या शेजारी, मांसात, धुरकट पांढरं काहीतरी दिसलं.

मग एमआरआय. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत "मॅलिग्नन्सी (कॅन्सर) नाकारता येत नाही". एका ठिकाणी सुईनं तुकडा काढला, त्यात "झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी आणि कच्चं हाड, सार्कोमाची शक्यता तपासावी" (सार्कोमा म्हणजे हाडा-मांसातला कॅन्सर) असं आलं आणि तिथल्या डॉक्टरांनी बोट काढायची मनाची तयारी ठेवायला सांगितलं. नवऱ्यानं ऐकलं नाही. स्लाइड दुसरीकडे दाखवल्या, पुण्याला एका हँड सर्जनला भेटलो. त्यांनी बोट ठेवून फक्त गाठ काढली. शेवटचा रिपोर्ट: फायब्रो-ऑसियस स्यूडोट्यूमर ऑफ डिजिट, बिनाइन. म्हणजे बोटातली तंतू आणि हाड असलेली गाठ, कॅन्सर नाही.

टाके निघालेत. आता डोकं थंड झाल्यावर प्रश्न पडतायत. हे नेमकं काय होतं? परत येतं का? आणि साधी गाठ असेल तर एमआरआय आणि सुईचा रिपोर्ट दोन्ही इतके भयंकर का आले? जाणकारांनी सांगावं.

जुना_पाटा

माझ्या मावशीच्या टाचेत असंच हाड वाढलं होतं. कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या, आराम पडला. तुम्हीही दूध, नाचणी, गोळ्या काही दिवस बंद ठेवून बघा.

दिव्याखाली

पाटाकाका, थांबा जरा. टाचेचं हाड हे वेगळंच प्रकरण, आणि जेवणातल्या कॅल्शियमचा दोन्हींशी संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे एका पातळीला धरून ठेवतं. नाचणीची भाकरी खाल्ली म्हणून ते जाऊन तर्जनीत बसत नाही. मोगरीताई, दूध खुशाल प्या.

मी रेडिओलॉजीत आहे. तुमचे फोटो पाहिलेले नाहीत, त्यामुळे सर्वसाधारण सांगतो.

या गाठींचं चित्र आठवड्यागणिक बदलतं. सुरुवातीला एक्स-रेवर नुसती मांसाची सूज. साधारण तीन ते सहा आठवड्यांत आत कॅल्शियम दिसायला लागतं, तेही पुसट, कडा नसलेलं. पुढे काही महिन्यांत ते पक्कं हाड होतं. बाजूच्या हाडावर कधीकधी पातळ आवरण चढल्यासारखं दिसतं, पण गाठ सहसा हाडाला चिकटलेली नसते आणि मूळ हाड कुरतडलेलं नसतं. या शेवटच्या दोन गोष्टी मी आधी बघतो.

एमआरआयचं म्हणाल तर या आजारात तो घाबरवणारच. पहिल्या काही आठवड्यांत गाठीभोवती, गाठीच्या आकाराच्या मानानं कितीतरी जास्त, पाणी जमलेलं असतं. कधी शेजारच्या हाडाच्या मगजातही दिसतं. शिरेतून रंग दिला की गाठ तो भसाभसा घेते. जंतुसंसर्ग आणि सार्कोमाही हेच करतात. आणि जे बघायला हवं, ते कोवळं कॅल्शियम, एमआरआयवर जवळजवळ दिसतच नाही. ते सीटीवर दिसतं. साध्या एक्स-रेवरही दिसतं, फक्त दोन-तीन आठवड्यांनी परत काढला तर. रुग्ण मात्र महागडा एमआरआय करून येतो आणि "आता साधा एक्स-रे पुन्हा काढा" म्हटलं की त्याला वाटतं डॉक्टर मागे चाललेत.

"नाकारता येत नाही" ही ओळ मीही लिहितो. पण ती लिहिल्यावर सर्जनला फोन करायचा असतो, तो बऱ्याचदा होत नाही.

घाटवाट

+१. नाकारता येत नाही ही ओळ वाचून आमच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती. माझी गोष्ट वेगळी आहे, सावकाश लिहितो.

काचपट्टी

पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा आला तर खाली जा.

मऊ भागात हाड तयार होणं वैद्यकाला फार आधीपासून माहीत आहे. १९३३ मध्ये मॅलरीनं अशा हाड-कूर्चा असलेल्या गाठींचा एक गट मांडला होता. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या पॅथॉलॉजिस्ट अ‍ॅकरमननं यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट नीट लिहून ठेवली. मार लागल्यावर स्नायूत जे हाड तयार होतं, मायोसायटिस ऑसिफिकन्स, त्यात थर असतात. मधोमध कोवळ्या, वेगानं वाढणाऱ्या पेशी, त्याबाहेर कच्चं हाड आणि कडेला पक्कं हाड. पक्केपणा बाहेरून आत येतो. मऊ भागातल्या हाडाच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे एक्स्ट्रास्केलेटल ऑस्टिओसार्कोमामध्ये, बहुधा उलटं असतं: हाड मध्ये आणि सगळ्यात उग्र पेशी कडेला, शेजारच्या मांसात घुसणाऱ्या.

आता बोटाकडे या. १९८१ मध्ये स्पजुट आणि डॉर्फमन यांनी हातापायांच्या छोट्या हाडांच्या आवरणातून उसळणाऱ्या अशाच प्रतिक्रियेवर लिहिलं. १९८६ मध्ये डुप्री आणि एन्झिंगर यांनी २१ रुग्णांवरून बोटांच्या या गाठीला आज रिपोर्टवर दिसतं ते नाव दिलं. रुग्ण बहुतेक तरुण, गाठ बरेचदा बोटाच्या पहिल्या पेरावर. मोगरीताई, तुम्ही अगदी पुस्तकातल्या रुग्ण आहात. पंचाईत अशी, की बोटातल्या गाठीत अ‍ॅकरमनचे थर नीट सापडत नाहीत. सगळं गाठी-गाठींचं, अस्ताव्यस्त. इथे कोवळं, तिथे पक्कं, मध्येच नुसता चिकट पातळ भाग. थर बघून सोडवायची सवय असलेल्या माणसाचा आधारच जातो.

त्यात पेशी विभागतानाही दिसतात, भरपूर दिसतात. नवख्या डोळ्याला धडकीच भरते. मग आम्ही बघतो ते हे: विभागणाऱ्या पेशींचे आकार वेडेवाकडे आहेत का? केंद्रकं गडद, अवाढव्य, एकमेकांसारखी नसलेली आहेत का? कच्च्या हाडाच्या कडेनं हाड घडवणाऱ्या पेशींची ओळीनं, शिस्तीत बसलेली रांग आहे का? रांग असेल आणि केंद्रकं शांत असतील तर विभाजनं कितीही असोत, मी घाबरत नाही. ऑस्टिओसार्कोमात ती रांग नसते, कॅन्सरची पेशीच थेट हाडाचा कच्चा पदार्थ ओकत असते.

सुईच्या तुकड्यात यातलं काय दिसणार? सुई नेमकी कोवळ्या भागात गेली तर फक्त धावणाऱ्या पेशी आणि चार कण कच्चं हाड. तुमचा पहिला रिपोर्ट म्हणूनच तसा आला असावा. तो लिहिणाऱ्यानं "सार्कोमा आहे" असं लिहिलेलं नाही, "तपासावी" असं लिहिलंय, हे लक्षात घ्या. बोट काढायची भाषा त्यावरून व्हायला नको होती. मऊ भागातला ऑस्टिओसार्कोमा सहसा पन्नाशीनंतर, मांडीसारख्या खोल जागी होतो. तिशीतल्या बाईच्या बोटात, महिन्याभरात वाढलेली, दुखणारी गाठ म्हटल्यावर आधी या भोळ्या गाठींचा विचार व्हायला हवा. झपाट्यानं वाढणं आणि दुखणं याची लोकांना भीती वाटते. इथे ते उलट दिलासा देणारं आहे.

एक तक्रार करून घेतो. लॅबच्या फॉर्मवर आमच्याकडे "स्वेलिंग फिंगर" एवढंच लिहून येतं. वय एका कोपऱ्यात, एक्स-रे नाही, किती आठवडे झाले ते नाही. ही गाठ काचेवर एकटी ओळखायची नसतेच. एक्स-रे शेजारी ठेवून, आठवडे मोजून ओळखायची असते. पाचव्या आठवड्यात जी स्लाइड राक्षसी दिसते, ती चौथ्या महिन्यात साध्या हाडाच्या तुकड्यासारखी दिसेल.

मोगरी

काचपट्टीदादा, दोनदा वाचलं. शेवटच्या रिपोर्टबरोबर "यूएसपी-६ पॉझिटिव्ह" असा एक कागद आहे. जनुकातला बदल असं सर्जन म्हणाले. म्हणजे माझ्या मुलीला धोका आहे का?

काचपट्टी

नाही. हा बदल जन्मजात नसतो, फक्त त्या गाठीतल्या पेशींमध्ये घडलेला असतो. रक्तात, बीजात नाही, म्हणून मुलीकडे जात नाही.

यूएसपी-६ हे सतराव्या गुणसूत्रावरचं जनुक, एरवी अशा पेशींत गप्प असतं. कोलॅजन बनवणारं सीओएल१ए१ हे जनुकही त्याच गुणसूत्रावर, दुसऱ्या टोकाकडे, आणि तंतू व हाड घडवणाऱ्या पेशींत ते सतत चालू. गुणसूत्र तुटून चुकीचं जोडलं गेलं की सीओएल१ए१चं बटण यूएसपी-६ला लागतं आणि पेशी वाढत सुटतात. २००४ मध्ये हाडातल्या अ‍ॅन्युरिझमल सिस्टमध्ये (रक्तानं भरलेली पोकळ गाठ) हे जनुक सापडलं, २०११ मध्ये नोड्युलर फॅसायटिस या मऊ भागातल्या, झपाट्यानं वाढणाऱ्या भोळ्या गाठीत. बोटाच्या या गाठींत आणि मायोसायटिस ऑसिफिकन्समध्ये सीओएल१ए१–यूएसपी-६ जोडी सातत्यानं सापडते, हे २०१९ मध्ये छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या वर्गीकरणात म्हणूनच हे दोन्ही एकाच शीर्षकाखाली आहेत.

गंमत अशी की ही वाढ आपणहून थांबते. नोड्युलर फॅसायटिस तर न काढताही विरून जाऊ शकतो. त्यामुळे याला इजेची प्रतिक्रिया म्हणावं की खरी गाठ, यावर आमच्यात अजून वाद आहेत. मार लागल्याचं आठवतं असंही सगळ्यांचं नसतं. म्हणून तुमच्या आरीच्या सुईला मी दोष देणार नाही.

परत येण्याबद्दल: पूर्ण काढली असेल तर क्वचितच.

घाटवाट

आता माझं. मला करंगळीच्या मधल्या पेरावर टणक उंचवटा आला. दुखत नव्हता, फक्त मूठ वळताना अडायचा. एक्स-रेत हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेलं हाड. काढलं, वर्ष सरायच्या आत तिथेच परत. रिपोर्टवर नाव होतं नोराज लीजन. दुसऱ्या वेळी सर्जननं वरचं आवरण आणि खालचा हाडाचा थरही खरवडून काढला, त्यानंतर आजतागायत ठीक. मोगरीताईंची क्वचितच परत येते म्हणताय, मग माझी का आली?

काचपट्टी

कारण तुमची वेगळी. नोरा आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ३५ रुग्णांवर लिहिलं तेव्हाच त्यांच्याकडे निम्म्यांच्या आसपास परत आल्या होत्या. ती हाडाच्या पृष्ठभागावरून उगवते, तिच्यावर कूर्चेची टोपी असते आणि स्लाइडला देतो त्या नेहमीच्या रंगात आतलं हाड चक्क निळसर दिसतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. ती परत येते, पण दुसरीकडे पसरत नाही. काही जण ती आणि आवरणातली प्रतिक्रिया हे एकाच प्रवासाचे टप्पे मानतात. नोरामध्ये गुणसूत्रांची वेगळीच अदलाबदल सापडल्यामुळे मला ते पटत नाही.

दिव्याखाली

आणि नोरामध्ये मूळ हाडाचा मगज गाठीत शिरलेला नसतो. शिरलेला दिसला तर ती साधी ऑस्टिओकॉन्ड्रोमा, म्हणजे कूर्चेची टोपी असलेली हाडाचीच वाढ. सीटीवर एका नजरेत कळतं.

चिंचोका

माझ्या भाच्याला फुटबॉल खेळताना मांडीत गुडघा लागला आणि तिथे हाड झालं. नेटवर वाचलं तर "माणूस हळूहळू हाडाचा होतो" असा आजार निघाला. वहिनी रडून रडून अर्धी झालीय. कृपया कुणीतरी सांगा.

काचपट्टी

वहिनींना म्हणावं भाच्याच्या पायाचे अंगठे बघा. तो आजार म्हणजे एफओपी, अत्यंत दुर्मीळ, साधारण दहा ते वीस लाखांत एक. त्यात मुलाचे पायाचे अंगठे बहुधा जन्मतःच आखूड आणि आत वळलेले असतात. कारण एसीव्हीआर१ या जनुकातला बदल, २००६ मध्ये सापडला. फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये हॅरी ईस्टलॅक या रुग्णाचा सांगाडा आहे. १९७३ मध्ये गेले, मरणोत्तर देह त्यांनीच अभ्यासासाठी दिला. त्या आजारात स्नायूत सुईसुद्धा टाळतात, कारण इजेनंतर तिथे नवं हाड येऊ शकतं. अंगठे सरळ असतील आणि मार एकाच जागी लागला असेल तर भाच्याचं बहुधा साधं मायोसायटिस. तरी ऑर्थोपेडिककडे दाखवाच, मी इथून निदान करत नाहीये.

जुना_पाटा

मांडीचं असेल तर आमच्याकडे एक हाडवैद्य आहेत, गरम तेलानं रगडून मोकळं करतात. पत्ता खासगी निरोपानं पाठवतो.

सांधा_सुटा

अजिबात नको! मी हाताची फिजिओथेरपिस्ट आहे. मुलांच्या कोपराला मार लागला की रगडून, ओढून सरळ करायला नेतात आणि काही आठवड्यांत कोपरासमोरच्या स्नायूत हाड भरून सांधा गच्च होतो. आपल्याकडे ऑर्थोपेडिकमध्ये शिकताना मायोसायटिसचं कारण म्हणून मालीश शिकवतात, इतकं ते नेहमीचं आहे. भाच्याचीही मांडी कोवळी, गरम आहे तोवर मालीश नाही, जबरदस्तीचा ताण नाही. न दुखता जेवढं हलवता येईल तेवढं त्यानं स्वतः हलवायचं. पाटाकाका, राग मानू नका, पण पत्ता देऊ नका.

जुना_पाटा

राग कसला. वैद्य माझे शाळासोबती आहेत, म्हणून बोललो. राहिलं.

मोगरी

सांधा_सुटाताई, बरं झालं आलात. टाके निघाले तरी बोट पूर्ण मिटत नाही, मधल्या सांध्यावर अडतं. कडेला झिणझिण्या येतात. काम कधी सुरू करता येईल? दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत.

सांधा_सुटा

तुमच्या सर्जननं हलवायला परवानगी दिलीय हे धरून सांगते. बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक नस आणि रक्तवाहिनी जाते, गाठ काढताना त्या बाजूला सारतात. त्यामुळे काही काळ झिणझिण्या येणं नेहमीचं. एका कडेला अजिबात स्पर्श कळत नसेल तर मात्र लगेच दाखवा.

मिटवायचं म्हणजे दुसऱ्या हातानं दाबून नव्हे. पहिलं पेर दुसऱ्या हातानं स्थिर धरा आणि फक्त मधला सांधा त्याच्याच ताकदीनं वाकवा. मग सगळं बोट. थोडं-थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा; एकदाच जोर लावून नाही. व्रण भरला असेल तर त्यावर खोबरेल लावून अंगठ्यानं हळू गोल फिरवा. हे कातडी खाली चिकटू नये म्हणून, गाठीवरच्या मालिशीशी याची गल्लत नको. रात्री सूज असेल तर हात उशीवर वर ठेवा.

आरीच्या सुईची मूठ बारीक असते, तीच अडचण आहे. मुठीवर सायकलच्या हँडलचा फोम किंवा कापडी पट्टी गुंडाळून जाड करा, म्हणजे बोट कमी वाकवावं लागेल. मणी-झरदोशीचं जड काम नंतर, आधी साधी साखळी. काम झाल्यावर सूज रात्रभर टिकली तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा करा.

मोगरी

फोमची आयड्या भारी. अजून एक, लॅबवाले विचारतायत की ब्लॉक घेऊन जाता का. त्याचं मी काय करू?

काचपट्टी

घेऊन ठेवा. मेणाचे ते चौकोनी ठोकळे आणि त्यांच्या स्लाइड, दोन्ही. सोबत नंबर लिहिलेला रिपोर्ट. कपाटात, गॅस-उन्हापासून लांब. मेण वितळता कामा नये. कधी परत शंका आली तर नव्यानं कापून बघता येतं. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक फेरतपासणीसाठी घेतात, इतरही मोठ्या संस्था घेतात. नुसत्या स्लाइड नेल्या तर बरेचदा "ब्लॉक आणा" म्हणून परत पाठवतात.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायचीय त्यांनी एक विचारून घ्यावं. हाड असलेली गाठ कापण्याआधी मऊ करावी लागते, ते तीव्र आम्लात केलं तर जनुकाची तपासणी पुढे नीट होत नाही. तुकड्याचा मऊ भाग आधी वेगळा काढून ठेवतात, किंवा ईडीटीए नावाचं सौम्य रसायन वापरतात. ते हळू होतं, रिपोर्टला चार दिवस जास्त लागतात. सर्जनला आधी सांगितलं तर लॅब ऐकते.

चिंचोका

अंगठे सरळ आहेत!! वहिनी जेवली. सोमवारी ऑर्थोपेडिककडे जातोय, एक्स-रे आधीचा आणि आत्ताचा दोन्ही बरोबर नेतोय.

दिव्याखाली

दोन्हींवर तारीख आहे ना ते बघा. नसेल तर पाकिटावर पेननं लिहा.